कोनाड्यात ठेवलेलं प्रस्थान

दूध चुलीवर होतं आणि मी वांगी चिरत बसले होते. हे ओसरीवर कुणाच्या तरी बांधाच्या भांडणाचे उर्दू कागद पुढ्यात घेऊन चहाची वाट पाहत होते. थोरलीची वेणी अर्धी घातलेली, अर्धी मोकळी, आणि धाकटा पाटीवरची अक्षरं थुंकीनं पुसत होता. तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली.

आमच्याकडे सकाळी कडी वाजवून कुणी येत नसे. अशील आले की बाहेरून खाकरायचे, शेजारणी हाक मारायच्या. मी हात पुसत उठले.

दारात कडूबाई उभी होती. कडूबाई म्हणजे गंगाखेडची सुईण. माझी दोन्ही लेकरं तिच्याच हातावर आली, आणि धाकटा तर पायाळू होता. ती यायची ती मागच्या दारानं, थेट चुलीपाशी. आज पुढच्या दाराशी, अंगावर धुवट पांढरं लुगडं, आणि पोटाशी एक गाठोडं धरलेलं.

"कडी कशाला वाजवलीत? आत या की."

"पाव्हनी हाय आज मी," ती म्हणाली. "परस्थान आणलंय. उजव्या पायानं येऊ द्या."

मुहूर्त आज आणि गाडी तीन-चार दिवसांनी, असं झालं की आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. एका फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि जाणाऱ्याचा एखादा कपडा बांधायचा आणि ज्या दिशेला जायचं त्या बाजूच्या कुणाच्या तरी घरी ते गाठोडं मुहूर्तावर नेऊन ठेवायचं. तेव्हापासून माणूस निघाला असं धरतात. अट एकच. गाडीत बसेपर्यंत स्वतःच्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही. ओलांडला की प्रस्थान मोडलं. आमचं घर स्टेशनाच्या वाटेवर, म्हणून तिनं आमचं घर धरलं होतं.

देवघराशेजारच्या कोनाड्यात तिनं गाठोडं ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहायला मला सांगितलं, कारण ती स्वतः विधवा, आणि मग जमिनीवर टेकत म्हणाली, "निगाले बाई एकदाची." चूल सोडून आले होते मी, मागं दूध उतू गेलं. त्यावर ती म्हणाली, "जाऊ द्या. शकून हाय."

१९३७ सालचा माघ महिना होता तो, आणि कडूबाई युगांड्याला निघाली होती.

गंगाखेडच्या सुईणीनं युगांड्याचं नाव ऐकायचं तसं काही कारण नव्हतं. मीसुद्धा पुण्याला कॉलेजात होते तेव्हा नकाशात ते एकदा पाहिलं असेल, पुढं कधी आठवलं नाही. पण आमच्या गावात कच्छी शेठचं सरकी काढायचं जिन होतं, आणि त्याच्या सोयऱ्यांची असलीच जिनं तिकडे आफ्रिकेत होती. तिथंही कापूस पिकतो. शेठची बहीण जमना तिकडेच दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी, इथं, कडूबाईच्या हातून सुखरूप झालं. दुसरं तिकडे झालं, आणि मूल गेलं. जमना कशीबशी वाचली. आता तिसऱ्या वेळेला दिवस राहिले तेव्हा तिनं आईला कळवलं की आमच्या वस्तीत आपल्या बायकांना हात लावायला कुणी नाही, साहेबाचा दवाखाना लांब, तुम्ही कडूबाईला घेऊन या. तिच्याशिवाय मी या खेपेला जगत नाही.

शेठची आई, जिला सगळे मोटीबा म्हणायचे, ती स्वतः जाणार होती. तिनं कडूबाईला जिनावर बोलावून सांगितलं की तिथं राहायला खोली मिळेल, दाराला कडीकुलूप तुझं, आणि जमनाचं झालं की वस्तीत आणखी घरं आहेत, तुला राहावंसं वाटलं तर राहा.

कडूबाईला सगळ्यात जास्त धरलं ते कडीकुलपानं. हे मला आधी समजलं नाही, हळूहळू समजलं.

तिच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून ही जगावी यासाठी नाव कडू ठेवलं. ती जगली. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा पटकीनं गेला आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून घातलं ते कायमचं. आई धाकट्या भावाच्या, आश्रुबाच्या, बाळंतपणातच गेलेली, लहानगी कडू दारात उभी असताना, आणि त्याला हिनंच वाढवलं. आता आश्रुबा घरचा कारभारी आणि ही त्याच्या घरातली एक बाई. पहाटे शेण, दुपारी शेत, कुणाचं बोलावणं आलं की सुईणपण. सुईणपणात मिळालेले दाणे आश्रुबाच्या कणगीत पडायचे आणि मिळालेलं लुगडं त्याच्या बायकोच्या, कोकिळाच्या, अंगावर दिसायचं. झोपायला ओसरीचा एक कोपरा. आश्रुबा वाईट नव्हता. तो बहिणीला कधी बोलला नाही, कधी हात उगारला नाही. कणगी मात्र त्याची होती.

जायचं की नाही ते ठरवायला कडूबाईनं दिवाळी आणि संक्रांतीमधला सगळा काळ घेतला. या काळात ती माझ्याकडे दर आठवड्याच्या बाजारादिवशी यायची. मी थोरलीच्या पुस्तकातला नकाशा उघडून चुलीपुढं पसरायची.

"हे आपण. आणि हे, इथं जायचं."

ती बोट ठेवून पाहायची. "आन् मधलं हे निळं?"

"समुद्र."

"एवढा? गंगा कुठाय ह्यात?"

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. त्या नकाशात ती दिसत नव्हती. मी म्हटलं, "आपली गंगा नाही यात. पण तिथं एक भलं मोठं तळं आहे आणि जवळूनच एक नदी निघते, जगातली मोठ्यातली मोठी."

"नदी हाय म्हंता? मंग बायका धुनं धुवायला येत असतील. ओळख होईल." आणि मग तिचा खरा प्रश्न यायचा. "तिथल्या बायका बाळंत होताना बसत्यात का आडव्या होत्यात?"

"मला काय माहीत, कडूबाई!"

"एवढं शिकून हे शिकवलं न्हाई तुमाला?" असं म्हणून ती पोट धरधरून हसायची.

पण भीतीही होती. हिवतापाची होती, जनावरांची होती, बोटीत ओकून ओकून मेलेल्या कुणाची तरी गोष्ट शेठच्या मुनीमानं सांगितली होती तिची होती. गावात तर जो तो तिला सल्ला देऊ लागला. देवळातल्या बायका म्हणाल्या, समुद्र ओलांडलेल्या बाईच्या हातून कोण बाळंत होईल? वाणीण म्हणाली, तिकडं माणसं खातात. न्हाव्याच्या म्हातारीनं विचारलं, "इतक्या लांब मेलीस तर कावळा कोन शिववील तुला?" कडूबाई म्हणाली, "हितं मेले तरी कोन शिववनार हाय?"

एके दिवशी ती मला म्हणाली, "वकिलीणबाई, मी चाळीशीला आले. आजपस्तोर मला कोनी इचारलंच न्हाई, तू जातीस का म्हून. ने म्हनले की नेली, ठेव म्हनले की ठेवली. हे पहिल्यांदा इचारलंय. भ्या लय वाटतंय, पर हो म्हनावं वाटतंय."

आणि तिनं हो म्हटलं.

परवान्यासाठी तहसिलीत दरखास्त द्यावी लागली. पेशकारानं, तिथल्या कारकुनानं, विचारलं, शोहर की इजाजत? नवरा तर मेलेला. मग भावाचा अंगठा आणा. ह्यांनी आश्रुबाला ओसरीवर बोलावलं. तो आला, टोपी काढून बसला, जमिनीकडे बघत म्हणाला, "आक्काच्या मनात हाय तर मी कोन?" आणि अंगठा दिला. वकिलासमोर, चार अशिलांसमोर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. ह्यांना वाटलं भला माणूस आहे. मलाही तसंच वाटलं.

मुहूर्ताचा हट्ट मोटीबाचा. लेकीचं एक मूल गेलेलं, तेव्हा या खेपेला सगळं रीतीनं व्हायला हवं होतं. जोशानं माघातला दिवस काढून दिला. बोट मुंबईहून सुटायची तारीख ठरलेली, आणि त्या हिशेबानं गंगाखेडहून निघायचं ते मुहूर्तानंतर तीन दिवसांनी. म्हणून ते प्रस्थान.

ते दिवस कडूबाई आमच्या घरी राहिली. मी तिला माजघरात अंथरूण घालून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी वाढलेलं ती खात होती, आणि तिला ते जमत नव्हतं. पानावरून उठून ती माझ्या हातातलं उलथनं घ्यायची. दुपारी मागच्या पडवीत बसून तिनं जमनासाठी बाळंतशेपा आणि डिंक निवडला, एरंडेलाची बाटली मेणानं बंद केली. थोरलीला म्हणाली, "तिथून तुला काय आणू ग?" थोरली म्हणाली, सिंह. "आनते. पर त्याला खायला तू घालायचं."

निघायच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला आश्रुबा आला. धावतच आला होता. उंबऱ्याबाहेरूनच ओरडला, "आक्का, कोकिळाला कळा सुरू झाल्यात! सातवाच हाय, आन् लय वरडायली."

कोकिळाचे पहिले दोन पडलेले होते. कडूबाई उठली ती तशीच. मी तिचा हात धरला. "कडूबाई, उंबरा."

"ठावं हाय," ती म्हणाली. "मी भाईरूनच बघते. वट्यावर आना म्हनते तिला."

मीही पाठोपाठ गेले. पायांत चपला होत्या की नव्हत्या आठवत नाही. आश्रुबाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, वेशीपाशी. गल्लीत बायाबापड्या जमल्या होत्या. आतून कोकिळाचं ओरडणं ऐकू येत होतं. कडूबाई ओट्याच्या पायरीशी थांबली आणि म्हणाली, "आश्रुबा, तिला भाईर आन. आडोसा धरू लुगड्याचा. मला आत येता येत न्हाई."

"अशी बाई भाईर आनू? गल्लीत? आक्का, तुजी माय बी अशीच गेली होती. दारात कोन उभं होतं तवा?"

त्यानं एवढंच म्हटलं. आपली माय म्हणाला असता तर निराळं. तो तुजी माय म्हणाला.

कडूबाईनं उंबरा ओलांडला.

मी आत गेले नाही, दाराशी राहिले. समईच्या उजेडात मला दिसलं ते एवढं: ती खाली बसली, कोकिळाच्या पोटावर तिनं पालथा हात ठेवला, आणि तो हात तिथंच थांबला. तिच्या हाताची मला ओळख होती. कळ असली की तिचा हात कळेबरोबर चालतो. तो चालला नाही. ओरडणं चालू होतं आणि हात गप्प होता. मग ओरडणंही थांबलं.

कोकिळानं तोंड भिंतीकडे फिरवलं. हळूच म्हणाली, "वन्सं, माझा इलाज न्हाई. ते म्हनले रड म्हून."

कडूबाईनं तिच्या पोटावरचा पदर सारखा केला. उठली. आश्रुबा दारात उभा होता आणि खरोखर रडत होता. "तू गेल्यावर ह्या घरात कोन हाय आक्का? हिचं कोन करंल? तूच मला माय."

ती त्याच्या बाजूनं बाहेर आली. मला म्हणाली, "चला बाई. दूध तापवायचं ऱ्हायलंय तुमचं."

वाटेत मी बोलत राहिले. कुणी पाहिलं आहे, कुणाला कळणार आहे, सकाळी गाडी आहे, बसायचं आणि निघायचं. ती ऐकत होती. आणि मला वाटतं तिच्याही मनात तेच चाललं असेल, कारण घरी येऊन तिनं कोनाड्यातलं गाठोडं नीट केलं आणि पहाटे माझ्याआधी उठून अंघोळ करून बसली.

पण आश्रुबा तिच्याही आधी उठला होता. उजाडताच तो जिनावर गेला, मोटीबाच्या पायाशी बसला आणि हात जोडून त्यानं सांगितलं की माझ्या घरच्या अडचणीपायी आक्काचं प्रस्थान मोडलं, आमच्यावर राग धरू नका. तो खोटं एक अक्षर बोलला नाही.

आम्ही स्टेशनावर पोचलो तेव्हा मोटीबा सामानावर बसली होती. तिनं कडूबाईकडे पाहिलंच नाही, माझ्याशी बोलली. "ना बेन. मोडलेलं प्रस्थान घेऊन मी माझ्या जमनाच्या दारात कशी उभी राहू? तुम्ही आई आहात. तुम्ही न्याल?"

मी पुष्कळ बोलले. हे सगळं मानण्यावर असतं म्हणाले, दुसरा मुहूर्त मुंबईत काढा म्हणाले. मोटीबा डोळे पुसत राहिली आणि मान हलवत राहिली. गाडी आली, सामान चढलं. कडूबाई फलाटावर उभी होती, हातात एरंडेलाची बाटली. खिडकीतून ती मोटीबाच्या हातात देऊन म्हणाली, "हे तेवढं लावा तिला. नववा लागला की रोज लावा." मोटीबानं बाटली घेतली. घेतलीच शेवटी.

परतताना मी विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतं का मोडलं म्हणून?"

"मला काय वाटतं ते कोन इचारतंय?" ती म्हणाली. "बाळंतिणीच्या मायला वाटलं ना. बाळंतिणीच्या खोलीत भ्या शिरलं की माझा हात चालत न्हाई. म्हातारी खरं बोलली."

गाठोडं आमच्याकडेच राहिलं. मोडलेलं प्रस्थान घरी आणलं तर घराला बाधतं, असं आश्रुबानंच कळवलं होतं. आणि त्याच संध्याकाळी कडूबाई त्याच्या घरी परत गेली. दुसरीकडे कुठं जाणार होती? मी राहा म्हटलं होतं. ती म्हणाली, "तुमच्या घरी मी कोन म्हून ऱ्हाऊ?"

दोन महिन्यांनी कोकिळा बाळंत झाली, खरीखुरी, कडूबाईच्याच हातून. मुलगी झाली. बारशाला आत्याचा मान असतो, पण विधवेला कोण देतं? आश्रुबानं दिला. त्याला बहिणीचं मन राखायचं होतं. कडूबाईनं पाळण्यात वाकून मुलीच्या कानात नाव सांगितलं: दैवशाला. बायका म्हणाल्या, किती छान नाव. त्यातलं 'दैव' ऐकून कोकिळा तेवढी रडली.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात एकदा ती भर दुपारी आली आणि मला न विचारता आमच्या विहिरीवर जाऊन नेसत्या लुगड्यानिशी अंगावर पाणी ओतून घेतलं. मग तशीच ओली पायरीवर बसली. मी विचारलं, कोण गेलं?

"जमना. मुनीम सांगत होता बाजारात."

"आणि बाळ?"

"पोरगा हाय. ते जगलं." तिनं पदर पिळला. "पायाळू होतं म्हने."

माझा धाकटा तेव्हा अंगणात चिखल करत होता. आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

यानंतर ती काही बदलली नाही, असं लोक म्हणतील. बोलावणं आलं की जायची, दाणे कणगीत टाकायची. दैवशालेला खांद्यावर घेऊन शेतात जायची आणि त्या पोरीवर तिचा जीवही होता. फक्त आश्रुबाशी ती कामापुरतं बोलायची, आणि कोकिळाला पुढे मुलगा झाला तेव्हा बारशात मागच्या ओळीत बसली. मोटीबा तिकडून परत आलीच नाही, नातवापाशी राहिली. मग लढाई सुरू झाली आणि बोटीच बंद पडल्या. कडूबाई लढाईबद्दल मला एकच गोष्ट विचारायची, की बोटी सुरू झाल्या का. दर दसऱ्याला मी गाठोडं सोडून लुगड्याला ऊन दाखवायची आणि कसर लागलेले तांदूळ बदलायची. ती समोर बसून पाहायची. पुन्हा गाठ मात्र स्वतः मारायची.

१९४८ साल उजाडलं तेव्हा आमचीच निघायची वेळ आली. रझाकारांचा धाक वाढला होता, ह्यांनी कोर्ट सोडलं होतं, आणि माझा भाऊ मुंबईच्या वाटेवर, मनमाडला, निजामाच्या हद्दीबाहेर होता, त्यानं निरोपावर निरोप धाडले होते. आम्ही घर आवरायला काढलं. भांडी पुरली, कागद बांधले. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण गंगाखेडात सुईणीपासून काय लपतं?

सकाळी कडी वाजली. पुढच्या दाराची.

कडूबाईचे केस पिकले होते आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. आत आली, उजव्या पायानं, आणि कोनाड्यापाशी जाऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "कडूबाई, आमच्याबरोबर चला. खरंच चला. माझ्या घरची म्हणून चला. आता कुणाची इजाजत नको."

ती हसली. "नगं बाई. मी निगाले की कुनाच्या तरी पोटात दुखाया लागतंय." मग तिनं गाठोडं खाली उतरवलं, पदरानं त्यावरची धूळ झटकली आणि मी तांदूळ भरत होते त्या पेटीच्या कडेला आणून ठेवलं.

"तुमचं सामान लय झालंय, मला दिसायलंय. पर ह्याला जागा लागत न्हाई."

"घेते ना. काय करू त्याचं?"

"काय करायचं न्हाई. ममईला न्या, बोटीत टाका, असलं काय मी म्हनत न्हाई," कडूबाई म्हणाली. "माझं गाठोडं तेवढं मनमाडपस्तोर न्या."